कातीवरून ओळख: विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या साप? मदत हवी आहे

पायरीखालच्या फटीत सापाची कात मिळाली. डोक्याकडचा भाग नाही, मागचा हातभर तुकडाच आहे, पट्टे पुसट. साप पाहिलेला नाही, हुडकायचाही नाही.

गाइडप्रमाणे मण्यारीच्या पाठीवरची मधली रांग मोठ्या षटकोनी खवल्यांची, शेपटीखालचे खवले अखंड. कवड्याचे मात्र दुभागलेले. भिंगातून शेपटीखाली सगळे जोडीनेच दिसतात. म्हणजे कवड्या! पण पाठीची मधली रांग जरा रुंद वाटते. कात ताणल्यामुळे असेल? अंगावरच्या खवल्यांच्या रांगा दोनदा मोजल्या: एकदा 15 (म्हणजे मण्यार), एकदा 17 (म्हणजे कवड्या). तिरकं मोजताना घोळ होतोच.

फोटो नीट येत नाही, कात पारदर्शक आहे. फक्त शेपटीखालच्या जोड्यांवरून मण्यार बाद करता येईल का? आणि फाटक्या कातीवर रांगा नेमक्या कुठून मोजायच्या?