पन्नास गणितांपेक्षा चुकलेलं एक

ताई, गाइडमधली प्रत्येक प्रकरणाची पन्नास गणितं झेरॉक्स करून द्यावीत का, असं तुम्ही विचारलंत. मी दोन वर्षं तेच केलं. हुशार मुलं झटपट उरकायची, बाकीची पहिल्या सहावरच अडकायची आणि तास संपला की पानं बाकाखाली.

आता एका पानावर आठच. त्यातलं एक मुद्दाम चुकवलेलं: √(९ + १६) = ३ + ४ = ७. खाली प्रश्न, ‘कुठे घसरला?’ मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "बरोबरच आहे की, सर!" मग ३ आणि ४ सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण काढून त्यालाच कर्ण मोजायला लावला. पाच आले. पट्टीच चुकीची आहे म्हणाला, दुसरी मागितली.

दहावीच्या वर्गसमीकरणांसाठी मुळं आधी ठरवा. ४ आणि −३/२ हवीत, तर (क्ष − ४)(२क्ष + ३) असं उलटं गुणून २क्ष² − ५क्ष − १२ = ०.

शिवाय आपल्या ठाण्यातल्या मुलांना ‘अ गावाहून ब गावी’ कशाला? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथंच आली, सुमारे ३४ किमी. आजच्या धीम्या आणि जलद लोकलच्या वेळा मुलांनीच आणायच्या, सरासरी वेग काढायचा. "कुर्ल्याला सिग्नलला थांबली ती मिनिटं धरायची का?" यावर अर्धा तास वाद झाला.

आणि हो, झेरॉक्सवाल्याकडे वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. माझे अपूर्णांक एकदा रेघेविनाच छापून आले होते.