छोटा लॅपटॉप, मोठा ताप : तुमचे अनुभव लिहा

परवा रात्री साडेअकराला माझा अकरा इंची लॅपटॉप मला ओळखेनासा झाला. पासवर्ड टाकते, चूक. पुन्हा टाकते, चूक. सहा वर्षांत हा पासवर्ड बदललेला नाही (हो, बदलायला हवा, माहीत आहे), बोटांना पाठ आहे. कीबोर्ड बिघडला म्हणावं तर सगळ्या कळा व्यवस्थित दबत होत्या. पाऊण तासाने कधीतरी चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि माझाच पासवर्ड मला दिसला. निम्मी अक्षरं, निम्मे आकडे! के दाबलं की २, एल दाबलं की ३, यू दाबलं की ४.

छोट्या कीबोर्डवर आकड्यांचा वेगळा गठ्ठा मावत नाही, म्हणून काही मशीनांत तो यू, आय, ओ, जे, के, एल या अक्षरांच्या पोटात दडवलेला असतो. न्यूमलॉक लागला की ती अक्षरं आकडे होतात. संध्याकाळी भाची लॅपटॉपवर ‘ऑफिस ऑफिस’ खेळली होती, तेव्हाच तिने तो लावला असणार. फंक्शनची कळ धरून न्यूमलॉक दाबलं, संपलं.

तर अशा छोट्या यंत्रांचे अनुभव इथे लिहा. नवीन आणल्यावरची मांडामांड असो, अपडेटचा गोंधळ असो की स्क्रू उघडून केलेलं धाडस. फक्त ‘सरळ दुसरा घ्या’ हा सल्ला नको, तो घरात फुकट मिळतो.

*

न्यूमलॉकने मलाही छळलंय, पण माझी खरी आठवण त्याहून जुनी. २००७ च्या अखेरीस आसुसचा ईईई पीसी ७०१ आला तेव्हा आमच्या गटात एकाने घेतला होता. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, साठवायला ४ जीबी. आम्ही सगळे आळीपाळीने मांडीवर घेऊन बसायचो. पडदा ८०० बाय ४८० चा, आणि सेटिंगच्या खिडक्या त्याहून उंच. त्यामुळे ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ ही दोन्ही बटणं पडद्याच्या खाली, पाताळात. लिनक्सवर आल्ट धरून खिडकी माउसने वर ओढता येते. विंडोजवर आल्ट आणि स्पेस, मग एम, मग बाणाच्या कळा. हे कळेपर्यंत मी टॅब मोजून अंदाजाने एंटर मारायचो. एकदा अर्धा तास खपून सगळी सेटिंग भरली आणि विश्वासाने एंटर मारला. टॅब एकाने चुकला होता.

१०२४ बाय ६०० वाले दहा इंची अजून कुणी वापरत असेल तर हीच युक्ती तिथेही चालते.

*

माझा ३२ जीबी साठवणीवाला. ज्यांच्याकडे आहे त्यांना पुढचं सांगायला नको, तरी सांगतो.

खोक्यावर ३२, पडद्यावर साधारण २९. विंडोज आणि तिचं दुरुस्तीचं सामान यांनी आपापला वाटा घेतल्यावर आपल्याला उरतं ते किरकोळच. पहिलं वर्ष बरं गेलं. मग मोठं अपडेट आलं आणि म्हणालं, जागा नाही. मी फोटो काढले. जागा नाही. गाणी काढली. जागा नाही. ब्राउझर सोडून सगळे प्रोग्राम काढले, तेव्हा ते ९० टक्क्यांपर्यंत गेलं, मग जागा संपली आणि सगळं उलटं फिरून मूळ जागी आलं. या येण्याजाण्यात तीन तास. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून पुन्हा सुरुवात केली.

मला वाटलं, मोठी हार्ड डिस्क टाकून विषय संपवू. तळाचे दहा स्क्रू काढले, दोन रबराच्या पायांखाली होते तेही शोधले, झाकण उघडलं आणि हार्ड डिस्क शोधत बसलो. नव्हतीच! या यंत्रांत ईएमएमसी नावाची चिप असते, ती थेट मदरबोर्डवर डागलेली. काढायला काहीच नाही. निमूटपणे झाकण लावलं. एक स्क्रू उरला, तो अजून ड्रॉवरमध्ये आहे.

शेवटी उपाय निघाला तो असा. डिस्क क्लीनअप उघडून त्यात ‘सिस्टिम फाइल्स’चा पर्याय निवडायचा, आधीच्या विंडोजची अख्खी प्रत तिथे लपून बसलेली असते, काही जीबी एका फटक्यात सुटतात. मग हायबरनेशन (रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून झोपी जायची सोय) बंद करायचं, कारण त्याची फाइल रॅमच्या प्रमाणात जागा अडवते. एवढं करून १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावला तर अपडेटने स्वतःच विचारलं, तात्पुरतं सामान इथे ठेवू का? वर्षभर मला कुणी हे सांगितलं नव्हतं. फक्त काम पुरं होईपर्यंत पेनड्राइव्ह उपसू नका.

*

माझं दोन ओळींचं. वायफाय गेलं म्हणून राउटर तीनदा बंद-चालू केला, सेवा देणाऱ्यांना फोनवर सुनावलं. मांजर विमानाचं चित्र असलेल्या कळेवरून चालत गेलं होतं.

*

वायफायवरून : विंडोज नव्याने टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हरच (ते चालवणारा छोटा प्रोग्राम) नसतो, आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं. विंडोज ११ तर मांडणीच्या वेळीच इंटरनेट मागते आणि पुढे सरकत नाही. छोट्या लॅपटॉपला नेटवर्कच्या तारेचं भोकही नसतं बहुतेकदा. अशा वेळी फोन यूएसबीच्या तारेने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट तारेतून लॅपटॉपला देणं) चालू करा. लॅपटॉपला तो तारेचं नेटवर्क असल्यासारखाच वाटतो. मी आता दुसऱ्यांच्या मशीनवर काम करायला जाताना स्क्रूड्रायव्हर विसरलो तरी ती तार विसरत नाही. (तार डेटावाली हवी. नुसती चार्जिंगची निघाली की बसा.)

*

आईला लॅपटॉप मांडून दिला तो मीच, आणि घाईत माझ्याच खात्याने. मनात म्हटलं, नंतर तिचं उघडून देऊ. ते नंतर कधी आलं नाही. मधल्या काळात मी ते जुनं खातं वापरणंही सोडलं.

दोन वर्षांनी बायोसचं (यंत्राला जाग आणणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट झालं, आणि सुरू करताच निळा पडदा : बिटलॉकरची रिकव्हरी की द्या. ४८ आकडी! आई म्हणाली, मी तर कधी कुलूप लावलंच नाही. तिचं खरं होतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत गेलं की पुष्कळ मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. बायोस बदललं की यंत्राला संशय येतो आणि ते किल्ली मागतं. किल्ली होती माझ्या जुन्या खात्यात, आणि त्या खात्याचा कोड जात होता बंद झालेल्या फोन नंबरवर.

ते खातं परत मिळवायला मला नऊ दिवस लागले. आईचे सगळे फोटो त्यात होते, दुसरीकडे प्रत नाही. या नऊ दिवसांत ती मला एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त लागलं. आता किल्ली कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे, कपाटात आहे.

*

ताई, तुमचा वाचून घाम फुटला. आत्ताच उठून दोन्ही मशीनच्या किल्ल्या लिहून ठेवल्या.

माझा प्रकार त्यापुढे गमतीचा. एक दिवस एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी ‘हे कनेक्शन सुरक्षित नाही’. मी व्हायरस समजून दोन अँटिव्हायरस टाकले, ते एकमेकांशीच भांडायला लागले. मुलाने येऊन कोपऱ्यातलं घड्याळ दाखवलं. तारीख कित्येक वर्षं मागची! साइटची प्रमाणपत्रं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी असतात, यंत्राच्या हिशेबी ती अजून जन्मलीच नव्हती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. सीआर२०३२, ३ व्होल्टची. छोट्या लॅपटॉपमध्ये ती कधीकधी तार जोडून, वेष्टनात गुंडाळून ठेवलेली असते, तशीच तारेसकट आणावी लागते. नुसतं नाणं आणून मी फसलो.

*

सगळे विंडोजबद्दल लिहिताय म्हणून लिनक्सवाल्यांच्या वतीने. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि माझ्या दहा इंचीला ११ चालणार नाही (टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, रॅम २ जीबी). म्हणून लिनक्स टाकायला घेतलं. पेनड्राइव्ह तयार केला, बूटच्या यादीत दिसेना. पेनड्राइव्ह बदलला, भोक बदललं, सिक्युअर बूट बंद केलं. नाहीच.

कारण भलतंच निघालं. काही अ‍ॅटम मशीनांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण यूईएफआय, म्हणजे बायोसचा नवा अवतार, ३२ बिटचं. म्हणजे घर मोठं आणि दार बुटकं. ६४ बिटचा पेनड्राइव्ह त्या दारातून आत येत नाही. पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात ‘बूटआयए३२.ईएफआय’ नावाची फाइल ठेवली की येतो. फाइल जेमतेम, शोधायला दोन रविवार.

ज्यांचा प्रोसेसरच ३२ बिटचा आहे त्यांनी मात्र डेबियन या लिनक्सच्या १२ वरच थांबावं. १३ मध्ये ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर नाही. पटत नाही मला हे, पण त्यांचंही मनुष्यबळ किती असणार.

*

जरा गंभीर. माझा टचपॅड क्लिक होईना. धूळ असेल म्हणून मी आठवडाभर जोर लावून दाबत होते. मग लक्षात आलं की लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय. उघडल्यावर बॅटरी उशीसारखी फुगलेली, टचपॅडला खालून रेटत होती. म्हणजे मी आठवडाभर तिच्यावरच दाब देत होते. टचपॅड वर आला, झाकण नीट मिटेना किंवा तळ फुगला, तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि बंद करा. टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका. बॅटऱ्या परत घेणाऱ्यांकडे द्या. वर कुणी स्क्रू उघडायच्या गमती लिहिल्यात, त्यांनीही आधी ही बॅटरी बघावी.

*

पडदा काळा पण पंखा फिरतोय, असं झालं तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघा. पुसट चित्र दिसलं तर फक्त मागचा दिवा गेलाय, आत सगळं शाबूत आहे. टीव्हीला एचडीएमआयने जोडून आपलं काम उरकून घ्या. माझा गेली दीड वर्षं टीव्हीलाच जोडलेला आहे. आता त्याला लॅपटॉप म्हणावं की नाही, माहीत नाही.

*

धागा काढला तेव्हा इतकं येईल असं वाटलं नव्हतं. बॅटरीचं वाचून लॅपटॉप उलटा करून तपासला, सपाट आहे. कीबोर्डबद्दल माझीही एक भर : इन्स्क्रिप्ट या मराठी टंकनाच्या मांडणीत ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ वेगळे लिहिता येतात. ‘दऱ्या’साठी ‘द’नंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. मी कित्येक वर्षं दुसरीकडून चिकटवत होते.

न्यूमलॉकच्या कळेवर खूण म्हणून काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. आज दुपारी मीटिंगला बसले तर कॅमेरा चालेना. परवानग्या पाहिल्या, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, दोनदा रीस्टार्ट केलं. चिकटपट्टी कळेवर नव्हती. भाचीने ती उचलून कॅमेऱ्यावर लावली होती.