हाडांवरून वंचितांचा इतिहास कितपत कळतो?

पुळणकर (दापोली तालुका)
आमच्या वाडीत पूर्वी माणसे पुरत असत त्या पुळणीत बंधाऱ्याचे खोदकाम चालू असताना मानवी हाडे निघाली. पोलीस पाटलांनी काम थांबवून वर्दी दिली आहे, त्यामुळे तो भाग मार्गी लागला. या माणसांचे नाव ना सातबाऱ्यावर आहे, ना देवस्थानाच्या वहीत. मानवशास्त्रज्ञ सांगाड्यांवरून कष्ट, उपासमार आणि विषमता ओळखतात, असे वाचले आहे. ते कितपत खरे? हाडांवरून जात कळते का, असेही वाडीत विचारले जात आहे.

अस्थिअभ्यासक
जात हाडांत नसते. ब्रिटिश अधिकारी व मानवशास्त्रज्ञ रिस्ले यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड शास्त्रीय ठरवू पाहिली होती. तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी दिलेल्या मापांच्याच आधारे तो पाया उखडला.

कळते ते जगणे. बालपणी उपासमार किंवा दीर्घ आजार झाला, तर दातांच्या कवचावर आडव्या खाचा पडतात आणि कवच पुन्हा घडत नसल्यामुळे, दात झिजला नाही तर, त्या मरेपर्यंत राहतात. दातांतील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून बालपण कोणत्या भूभागात गेले याचा अंदाज येतो, तर हाडांतील नायट्रोजनवरून आहारात मासळी किती होती याचा. मात्र किनाऱ्यावर एक त्रांगडे आहे: मासळीवर जगणाऱ्याच्या हाडांचे कार्बन-कालमापन (कार्बनवरून काढलेले वय) प्रत्यक्षापेक्षा जुने येते, म्हणून ते दुरुस्त करून घ्यावे लागते. जांभ्याच्या आम्ल मातीत हाडे विरून जातात. तुमच्याकडे ती टिकली ती बहुधा वाळूतील शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे.

खाडीपलीकडचा
वरील उत्तरात एक मेख राहिली. पटकीने दोन दिवसांत दगावलेल्या माणसाच्या हाडांवर काहीच खूण उमटत नाही. खूण उमटायला आजाराशी काही काळ झुंजावे लागते. त्यामुळे निर्मळ दिसणारा सांगाडा सुखवस्तू माणसाचाच असेल असे नाही, आणि खाचा असलेला दात हा तगून राहिलेल्याचाही असतो.

अस्थिअभ्यासक
मान्य. म्हणूनच एकट्या सांगाड्यावरून निष्कर्ष काढू नये.

वाडीकर
मला पद्धतीपेक्षा संमती महत्त्वाची वाटते. अमेरिकेतील मोठे अस्थिसंग्रह प्रामुख्याने बेवारस ठरलेल्या गरिबांच्या देहांतून उभे राहिले. वंशभेदाच्या सिद्धांतांना विरोध करणाऱ्या माँटेग्यू कॉब या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांचा हॉवर्ड विद्यापीठातील संग्रहही त्याला अपवाद नव्हता. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली गुलामांची दफनभूमी सापडली, तेव्हा कृष्णवर्णीय समाजाने आवाज उठवल्यावरच अभ्यास कृष्णवर्णीय मानवशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी यांच्याकडे आला. अभ्यासाचे प्रश्न त्या समाजाशी बोलून ठरले, आणि ४१९ जणांचे अवशेष २००३ साली तिथेच पुन्हा पुरले गेले. तेव्हा हाडे प्रयोगशाळेत जाण्याआधी वाडीची बैठक घ्या, आणि किती दात तपासणीला द्यायचे व बाकीचे परत कधी पुरायचे हे लेखी ठरवून घ्या.