शब्दचर्चा: 'क्रुएल्टी-फ्री'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न (शहापूर, बेळगाव)

शहापुरात आमचं बांगड्या-टिकल्या आणि क्रीम-पावडरीचं लहान दुकान आहे. पाटी बदलायची आहे. २०२४ च्या कायद्यानं पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यायचा, खाली इंग्रजी. मराठीला उरते चार बोटांची पट्टी. हल्ली कॉलेजच्या मुली येतात आणि 'क्रुएल्टी-फ्री आहे का, व्हीगन आहे का, एथिकल आहे का' विचारतात. तेवढं मराठीत लिहावं म्हटलं. पेंटर म्हणाला, "अक्का, 'अहिंसक शाकाहारी प्रसाधने' घालू की." सासूबाईंच्या कानावर गेलं. म्हणाल्या, "खानावळ काढूलालीस काय गं?"

या तिन्हींना मिळून एखादा सुटसुटीत शब्द आहे का?

टिळकवाडीहून

'क्रुएल्टी-फ्री'ला, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेल्या मालाला, छापील मराठीत 'क्रौर्यमुक्त' दिसतो. अर्थ कळतो, खरं मला तो खटकतो. (आमच्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण', पुणेकरांनी गैरसमज करून घेऊ नये.) मराठीत 'मुक्त' म्हणजे आधी अडकलेला आणि मग सुटलेला: कर्जमुक्त, व्यसनमुक्त, हागणदारीमुक्त. 'क्रौर्यमुक्त लिपस्टिक' वाचलं की ती कालपर्यंत काय उद्योग करत होती असं मनात येतं. मुळातच नाही, हे सांगायला आपल्याकडे 'रहित' आहे. शिवाय 'क्रौर्य' म्हटलं की आपल्याला लढाया आणि शिरच्छेद आठवतात. सशाच्या डोळ्यात शाम्पूचा थेंब टाकून बघणाऱ्या प्रयोगशाळेत कुणी रागानं लाल झालेलं नसतं, वहीत नीट नोंदी चाललेल्या असतात. मी 'प्राणिचाचणीरहित' म्हणेन. लांबलचक आहे, मान्य.

निपाणीहून

काका, 'रहित' पटलं. आमच्या जैन घरात 'जीवदया' हा शब्द रोजचा, पण तो पांजरपोळाच्या दानपेटीवरचा. लिपस्टिकवर लिहिलात तर लोक वर्गणीच काढतील.

'शाकाहारी' मात्र नकोच. दूध-तूप शाकाहारात बसतं, व्हीगनमध्ये नाही, तिथं प्राण्यापासून आलेलं काहीच चालत नाही. खाद्यपदार्थांच्या सरकारी व्याख्येतसुद्धा दुधाबरोबर मध, मधमाशीचं मेण आणि किड्यांपासून मिळणारी लाख मांसाहारातून वगळलेली आहेत, म्हणून हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन असं होत नाही. त्यासाठी २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह आलं, तेही खाण्याच्या मालापुरतं.

माझी आजी कुंकवाआधी कपाळाला मेण लावायची. मेण मधमाशीचं, काजळ तुपाच्या दिव्यावर धरलेलं. चाचणी कुणावर? स्वतःवर, तीही सासूच्या देखत. आजीचा करंडा क्रुएल्टी-फ्री होता, व्हीगन नव्हता.

मूळची खानापूरची, सध्या पुण्यात

मी प्रसाधनांची लेबलं तपासायचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते. ताई, एक शब्द मिळणार नाही, कारण मुली तीन वेगळे प्रश्न विचारतायत.

'क्रुएल्टी-फ्री' हा चाचणीबद्दलचा शब्द आहे. आपल्याकडे २०१४ पासून प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला बंदी आहे आणि तशी चाचणी झालेला माल आयात करायलाही त्याच वर्षी बंदी आली. तेव्हा इथं बनवून इथंच विकणाऱ्यानं हा शब्द डबीवर मोठ्या अक्षरात छापणं म्हणजे 'आम्ही मापात मारत नाही' अशी पाटी लावणं. विचारायचं ते पुढचं. कच्चा माल पुरवणाऱ्यानं कुठे चाचणी केली का? ब्रँड बाहेर कुठल्या देशात विकतो? चीनमध्ये आयात प्रसाधनांना प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. १ मे २०२१ पासून साध्या मालाला अटींवर सूट मिळाली, पण केसांचा रंग, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीम अशा 'विशेष' मालाला ती सूट नाही. 'तयार मालाची प्राण्यांवर चाचणी केलेली नाही' हे वाक्य तर मला फार आवडतं, त्यात घटकांबद्दल अवाक्षर नसतं.

सशाचं चित्र कुणीही काढू शकतो. 'लीपिंग बनी' या प्रमाणपत्राचा उडी मारणारा ससा असेल तर कंपनीनं एक तारीख ठरवून, तिच्यानंतर पुरवठादारांनीही चाचणी केलेली नाही हे दाखवावं लागतं आणि ती हमी दरवर्षी नव्यानं द्यावी लागते. 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. दोन्ही ससेच, पण वजन वेगळं.

'व्हीगन' हा घटकांबद्दलचा. शब्द १९४४ चा, इंग्लंडात घडवलेला, 'व्हेजिटेरियन'चं डोकं आणि शेपूट जोडून मधलं धड टाकून दिलेला. लेबलावर 'सीआय ७५४७०' दिसलं की समजायचं कार्माइन, म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांचा लाल रंग. आणि गंमत म्हणजे आपल्या 'किरमिजी'तच किडा आहे! फारसीतला 'किर्म' आणि संस्कृत 'कृमि' ही भावंडं. 'कार्माइन'ही त्याच घरातला. आपण किरमिजी साडी म्हणतो तेव्हा किडारंगी साडीच म्हणत असतो. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं. ग्लिसरीन चरबीचं असू शकतं, तेलाचंही असू शकतं. लेबल सांगत नाही, विचारावं लागतं.

तिसरा शब्द, 'एथिकल', माणसांबद्दलचा. लिपस्टिकला, आयशॅडोला चमक येते ती बहुधा अभ्रकाची. अभ्रक खनिज आहे, शंभर टक्के व्हीगन, ससा आसपासही नाही. पण झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह पट्ट्यात अभ्रकाचे तुकडे लहान मुलं वेचत आलीत. ही डबी पहिल्या दोन प्रश्नांत पास होऊन तिसऱ्यात नापास होऊ शकते. म्हणून एका शब्दात सगळं कोंबू नका.

व्हीगनला मी 'प्राणिजरहित' म्हणते. 'प्राणिज' आपला जुनाच शब्द आहे. 'एथिकल'ला मात्र माझी गाडी अडते.

टिळकवाडीहून

'नैतिक' नको. मराठीत नैतिक म्हटलं की कुणाच्या तरी चारित्र्याची चर्चा सुरू होते. 'रास्त' सुंदर शब्द आहे, पण 'रास्त माल' लिहिलंत तर लोक रेशनकार्ड घेऊन येतील. 'सचोटीचा माल' कसं वाटतं?

चिकोडीहून

सचोटी दुकानदाराची असते ओ, खाणीची नसते.

पाटीच्या कन्नड भागाचंही बघा. तिकडे शाकाहारीला 'सस्याहारी' म्हणतात, पेंटर तेच घालून मोकळा होईल आणि पुन्हा खानावळ. 'मेण' मात्र दोन्ही भाषांत मेणच.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. पेंटर अक्षरामागे पैसे घेतो, त्यामुळे काका, तुमचा शब्द बजेटात बसला नाही. 'प्राण्यांवर चाचणी नाही' एवढंच घालतोय, आणि तेही खिडकीवर, ज्या चार ब्रँडांची खात्री झाली त्यांच्या नावांखाली. 'प्राणिजरहित' एका फळीवर चिठ्ठी लावून लिहीन. तिसऱ्याचं काहीच लिहिणार नाही. माल टाकायला येणाऱ्या पोराला अभ्रक कुठलं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "शंभर टक्के व्हेज आहे अक्का."

हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. आजीच्या मेणाला हसल्या. मग म्हणाल्या, "आणि आपल्या लाखेच्या बांगड्या गं? त्या कुठल्या फळीवर ठेवणार?"