मदत हवी आहे: रिसेल फ्लॅट, सोसायटी दीड लाख मागतेय

नमस्कार मंडळी, कोथरूडला रिसेल टू बीएचके जवळजवळ फायनल केलाय, बिल्डिंग १९९८ची, टोकन देऊन झालंय. आता सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणतात ट्रान्सफरचे दीड लाख द्या, पावती "डेव्हलपमेंट फंड" म्हणून मिळेल. माझ्या माहितीप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० घेता येतो, मग हे बाकीचे कशाचे? भांडलो तर उद्या तिथेच राहायचंय, पाण्याचा व्हॉल्व्हसुद्धा यांच्याच हातात 😅 कोणी असं प्रकरण न भांडता मिटवलंय का?

दुसरं म्हणजे फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, पण लोनला मी को-अ‍ॅप्लिकंट आहे तर बँक दोघांचं नाव अ‍ॅग्रीमेंटमध्ये हवंच असं म्हणते का, अनुभव सांगा.

आणि हो, बेडरूममध्ये कपाटामागे हात लावला तर भिंत गार आणि रंग पापडासारखा हातात आला, बाकी घरभर मात्र नवाकोरा रंग, मालक म्हणतात "पावसाळ्यात थोडं येतं हो". वरच्यांच्या बाथरूमचं असेल की बाहेरच्या भिंतीचं, कसं ओळखायचं? पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन आहे, लवकर सांगा प्लीज.