फौंड्रीतल्या स्टाफच्या फोनवर इंट्यून: स्वतःचे फोन, शॉप फ्लोअरचे फोन आणि गिऱ्हाइकाची ड्रॉइंग

शिरोली_आयटी

राम राम मंडळी. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचं आयटी बघतो. मेल वापरणारे ४५ जण, सगळे मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्डवर. गिऱ्हाईक कंपन्या आता ऑडिटला थेट विचारतात की आमची ड्रॉइंग कुणाकुणाच्या मोबाइलवर आहेत, आणि माणूस नोकरी सोडून गेला तर ती काढायची सोय काय?

२८ जण स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर मेल बघतात. ३ संचालकांचे आयफोन आहेत. मेल्टिंग, मोल्डिंग आणि डिस्पॅचला मिळून कंपनीचे १४ सॅमसंग फोन आहेत, ते शिफ्टप्रमाणे या हातातून त्या हातात जातात. त्यांवर हीट नंबर (भट्टीतल्या प्रत्येक वितळणीचा क्रमांक) आणि चार्ज मिक्सची (भट्टीत टाकलेल्या मालाची) नोंद करायचं आमचंच एक अ‍ॅप आहे, त्याची एपीके (अँड्रॉइडवर इन्स्टॉल करायची) फाइल सध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतो.

बिझनेस प्रीमियम (३६५ चा वरचा प्लॅन) घेऊन इंट्यून, म्हणजे फोन आणि त्यावरचा कंपनीचा डेटा सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, लावायचं ठरतंय. ट्रायलवर ५ फोन जोडले, त्यातल्या दोघांचं मेल बंद पडलं, "नॉट कंप्लायंट" (अटींत बसत नाही) दाखवतंय. वर स्टाफचं म्हणणं, "कंपनी आमचे फोटो बघणार, आम्ही नाही टाकत." सुरुवात कुठून करावी? काय आधी, काय नंतर?

---

रंकाळा_नेटवर्क

सगळ्यात आधी फोनची मालकी बघून तीन गट पाडा. एकच पॉलिसी सगळ्यांना लावायला गेलात की भांडणं तिथूनच सुरू होतात.

स्वतःचे अँड्रॉइड: वर्क प्रोफाइल (फोनमध्ये कामाच्या गोष्टींचा वेगळा कप्पा). कंपनीचे फिरते फोन: डेडिकेटेड डिव्हाइस (ठरावीक कामालाच बांधलेला फोन). संचालकांचे आयफोन: एनरोल (इंट्यूनमध्ये फोनची नोंद) करूच नका, फक्त अ‍ॅप प्रोटेक्शन पॉलिसी (अख्ख्या फोनवर नाही, अ‍ॅपमधल्या कंपनीच्या डेटावर लागणारे नियम) लावा. कारण सांगतो. आयफोन नेहमीच्या पद्धतीनं एनरोल केला की कन्सोलवर (इंट्यूनच्या अ‍ॅडमिन पानावर) "वाइप" बटण चालू होतं, आणि ते दाबलं तर अख्खा फोन कोरा होतो, घरचे फोटोसुद्धा. अँड्रॉइडच्या वैयक्तिक वर्क प्रोफाइलमध्ये हा धोकाच नाही, कंपनीला फक्त आपला कप्पा काढता येतो.

आता क्रम. मॅनेज्ड गूगल प्लेची (कंपनीनं निवडलेल्या अ‍ॅप्सचं प्ले स्टोअर) जोडणी पहिल्यांदा करा. ती कुणाच्या खाजगी जीमेलवरून करू नका, कंपनीच्या एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळणारी सेवा) खात्यावरून करा. ही जोडणी तोडायची वेळ आली तर त्यावरचे सगळे अँड्रॉइड फोन एनरोलमेंटमधून बाहेर पडतात. मग एनरोलमेंट रिस्ट्रिक्शनमध्ये "डिव्हाइस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" ब्लॉक करा. गूगल सेवा असलेल्या फोनसाठी ती जुनी पद्धत इंट्यूनमध्ये २०२४ च्या अखेरीस बंद झाली. किमान व्हर्जन अँड्रॉइड १० ठेवा.

त्यानंतर कंप्लायन्स पॉलिसी (फोननं पाळायच्या किमान अटी) आणि सगळ्यात शेवटी कंडिशनल अ‍ॅक्सेस (अटीत बसलं तरच मेल उघडू देणारा नियम). बरेच जण उलटं करतात. कंडिशनल अ‍ॅक्सेस आधी चालू झाला की सोमवारी सकाळी कुणाचंच मेल उघडत नाही आणि फोन तुम्हाला येतात. तो आधी "रिपोर्ट-ओन्ली" वर ठेवा, साइन-इन लॉगमध्ये कोण अडकलं असतं ते बघा, मग चालू करा. एक आपत्कालीन अ‍ॅडमिन खातं सगळ्या पॉलिसींतून वगळलेलं हवंच.

इथे दोन खाचखळगे आहेत. कंडिशनल अ‍ॅक्सेस चालू करायला "सिक्युरिटी डिफॉल्ट्स" बंद करावे लागतात, आणि ते बंद केले की त्यांच्यामुळे मिळणारं एमएफएसुद्धा (पासवर्डबरोबरची दुसरी ओळख तपासणी) जातं. म्हणून त्याच बैठकीत "सगळ्यांना एमएफए" आणि "जुनं ऑथेंटिकेशन ब्लॉक" या दोन पॉलिसी तयार ठेवा. दुसरं, क्लायंट अ‍ॅप्समध्ये फक्त "मोबाइल अ‍ॅप्स" वर टिक केलीत तर ब्राउझरची वाट उघडी राहते. माणूस वैयक्तिक क्रोममधून मेल उघडतो आणि ड्रॉइंग डाउनलोड करतो. ब्राउझरलाही टिक पाहिजे.

तुमच्या त्या दोन फोनचं कारण कन्सोलमध्ये सापडेल. डिव्हाइस उघडून कंप्लायन्समध्ये कोणती सेटिंग लाल आहे ते बघा. नेहमीची तीन कारणं असतात. फोनला स्क्रीन लॉकच नाही. किंवा किमान सिक्युरिटी पॅच इतका ताजा मागितलाय की त्या मॉडेलला तो कधी येणारच नाही. तारीख ठरवण्याआधी स्टाफच्या फोनचे खरे पॅच बघा. किंवा फोननं बॅटरी वाचवायला कंपनी पोर्टल (इंट्यूनचं फोनवरचं अ‍ॅप) पार्श्वभूमीत बंद पाडलंय, त्यामुळे इंट्यूनशी बोलणंच थांबलं. शाओमी, विवो, ओप्पो, रिअलमीच्या फोनवर कंपनी पोर्टलला ऑटोस्टार्ट द्या आणि बॅटरी "नो रिस्ट्रिक्शन" करा. शाओमीवर सेकंड स्पेस (फोनमधली दुसरी वेगळी जागा) चालू असेल तर एनरोल करण्याआधी काढा.

चौथं कारण खरं तर बिघाड नाहीच. वर्क प्रोफाइल झाल्यावर माणूस जुनंच आउटलुक उघडत राहतो. आता छोट्या ब्रीफकेसची खूण असलेलं आउटलुक वापरायचं, जुन्यातलं कंपनीचं खातं काढून टाकायचं. निम्म्या तक्रारी एवढं सांगून मिटतात.

आणि जागतिक सेटिंग्जमध्ये "कंप्लायन्स पॉलिसी नसलेले फोन" मुळात कंप्लायंट धरलेले असतात. ते "नॉट कंप्लायंट" करा, नाहीतर ग्रुपमधून सुटलेला फोन बिनदिक्कत आत येतो.

---

उद्यमनगर_अँड्रॉइड

शॉप फ्लोअरच्या १४ फोनबद्दल लिहितो, कारण तिथली कटकट वेगळी आहे.

रीसेट मारण्याआधी प्रत्येक फोनवर कुणाचं जीमेल आहे ते बघा. ते खातं सेटिंग्जमधून काढा आणि रीसेटही सेटिंग्जमधूनच करा. रिकव्हरीतून केलात तर फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन जुनं जीमेल मागतं, आणि तो सुपरवायझर नोकरी सोडून गेला असेल तर फोन अडकला. पुढे असं होऊ नये म्हणून पॉलिसीत प्रोटेक्शनसाठी कंपनीचं गूगल खातं टाकून ठेवा आणि वापरणाऱ्याला रीसेट ब्लॉक करा.

एनरोलमेंट: कोऱ्या फोनच्या वेलकम स्क्रीनवर एकाच जागी ६ वेळा टॅप करा, कॅमेरा उघडतो, इंट्यूनच्या प्रोफाइलचा क्यूआर दाखवा. लॉगिन पान उघडणारं वायफाय इथे चालत नाही, साधा पासवर्डवाला नेटवर्क किंवा हॉटस्पॉट द्या. प्रोफाइलच्या नावावर डायनॅमिक ग्रुप (आपोआप भरणारा गट) बांधा, म्हणजे फोन आला की अ‍ॅप आणि पॉलिसी आपोआप येतात. ग्रुप भरायला थोडा वेळ लागतो, लगेच परत रीसेट मारत बसू नका.

तुमची एपीके मॅनेज्ड गूगल प्लेमध्ये "प्रायव्हेट अ‍ॅप" म्हणून चढवा. पॅकेजचं नाव अख्ख्या प्ले स्टोअरमध्ये एकमेव लागतं. कॉम डॉट एग्झाम्पलनं सुरू होणारं नाव आणि डिबग बिल्ड स्वीकारत नाही. पुढच्या प्रत्येक अपडेटला व्हर्जन कोड वाढलेला आणि सही त्याच कीची लागते. कीस्टोअरची (ती की असलेली) फाइल डेव्हलपरच्या एकट्या लॅपटॉपवर असेल तर आजच दुसरीकडे प्रत ठेवा.

एक गोष्ट हमखास चुकते. प्ले स्टोअर एरवी अपडेट कधी करतं, तर फोन वायफायवर, चार्जिंगला, आणि ते अ‍ॅप वापरात नसताना. किऑस्कमध्ये (फोन ठरलेल्या अ‍ॅप्सपुरताच उघडतो त्या पद्धतीत) तुमचं अ‍ॅप दिवसभर समोरच असतं, म्हणून अपडेट येतच नाही आणि तीन शिफ्टला तीन व्हर्जन चालतात. असाइनमेंटमध्ये अपडेट प्रायॉरिटी "हाय" करा.

मॅनेज्ड होम स्क्रीन (ठरलेली अ‍ॅप्सच दाखवणारं अ‍ॅप) "रिक्वायर्ड" म्हणून द्या आणि त्यावर तुमचं अ‍ॅप, कॅल्क्युलेटर, कॅमेरा लागला तर तो, एवढंच. यूएसबीनं फाइल नेणं बंद. सिस्टिम अपडेटला ठरावीक वेळेची खिडकी द्या, आणि ती अशी निवडा की फोन तेव्हा चार्जरवर असतील, म्हणजे शिफ्ट बदलताना किंवा जेवणाच्या सुट्टीत.

बोटाच्या ठशावर भिस्त ठेवू नका. वाळू आणि ग्रीसनं मोल्डिंगवाल्यांचे ठसे उमटत नाहीत. ६ आकडी पिन ठेवा, आणि दर महिन्याला बदलायची सक्ती तर मुळीच नको. केली की पिन फोनच्या कव्हरवर लिहिलेला सापडतो. कुणी नोंद केली हे कळायला तुमच्या अ‍ॅपमध्येच ऑपरेटरचा वेगळा पिन घ्या.

लायसन्सचं: या फोनमागे एकच माणूस नाही आणि बऱ्याच कामगारांना मेल खातंही नसेल, तर त्यांना इंट्यूनचं डिव्हाइस लायसन्स घ्या. त्यात कंडिशनल अ‍ॅक्सेस आणि अ‍ॅप प्रोटेक्शन मिळत नाही, पण किऑस्कला त्याची गरजही नाही. मात्र या फोनवर कंपनीचं मेल उघडू द्यायचं नाही.

---

शिरोली_आयटी

मनापासून आभार. त्या दोनपैकी एक फोन जुन्या आउटलुकमुळेच अडकला होता, दुसऱ्याला स्क्रीन लॉक नव्हतं. आता ड्रॉइंगचं. डीडब्ल्यूजी (कॅड ड्रॉइंगची) फाइल मेलमधून उघडत नाही, "तुमच्या संस्थेनं परवानगी दिलेली नाही" असा मेसेज येतो. आणि निम्मी ड्रॉइंग गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकतं, त्याचं काय करायचं?

---

पॅटर्न_ते_पीडीएफ

डीडब्ल्यूजीचं कारण असं. अ‍ॅप प्रोटेक्शनमध्ये "डेटा फक्त पॉलिसी असलेल्या अ‍ॅप्सकडे" असं केलंय, आणि तुमच्या कॅड व्ह्यूअरमध्ये इंट्यूनची सोय नाही. म्हणजे आउटलुक त्याला फाइल देणारच नाही.

वर्क प्रोफाइलवाल्या अँड्रॉइडना हे दुहेरी कुंपण कशाला? प्रोफाइलचं कुंपण आधीच आहे. कॅड व्ह्यूअर मॅनेज्ड प्लेमधून प्रोफाइलच्या आत द्या, त्या गटासाठी अ‍ॅप प्रोटेक्शनमधली ती अट सैल करा, आणि प्रोफाइलच्या पॉलिसीत कामाकडून वैयक्तिककडे कॉपी-पेस्ट आणि शेअरिंग बंद ठेवा. स्क्रीनशॉटही तिथेच ब्लॉक होतो. दुसऱ्या फोननं स्क्रीनचा फोटो काढला तर तो कुठलीच पॉलिसी अडवत नाही, हे ऑडिटरला स्पष्ट सांगा.

एनरोल न केलेल्या आयफोनवर ती अट कडकच राहू दे आणि तिथे ड्रॉइंग पीडीएफमध्येच पाठवा. पीडीएफ आउटलुक आणि वनड्राइव्हमध्येच उघडते. "सेव्ह अ‍ॅज" ब्लॉक करून फक्त वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंट मोकळं ठेवा.

आता व्हॉट्सअ‍ॅप. त्याला इंट्यूनची अ‍ॅप प्रोटेक्शन पॉलिसी लागू होत नाही, त्यामुळे वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पडलेलं ड्रॉइंग तुमच्या हातात नाही. मार्केटिंग आणि डेव्हलपमेंटच्या ज्या तीन-चार जणांचा गिऱ्हाइकाशी रोजचा संबंध आहे त्यांना कंपनीचं सिम द्या आणि वर्क प्रोफाइलच्या आत व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस त्या नंबरवर चालवा. वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅप बाहेर आपल्या नंबरवर तसंच राहतं. मात्र मॅनेज्ड गूगल प्लेच्या खात्यावर ड्राइव्ह नसतं, म्हणून तिथे चॅटचा बॅकअप होत नाही. प्रोफाइल काढलं की चॅट गेली. आलेलं ड्रॉइंग त्याच दिवशी शेअरपॉइंटच्या पार्ट नंबरच्या फोल्डरमध्ये जायला पाहिजे, रिव्हिजन नंबरसकट.

बाकीच्यांच्या वैयक्तिक व्हॉट्सअ‍ॅपवर ड्रॉइंग आलंच, तर तिथून कामाच्या वनड्राइव्हकडे शेअर करता येतं. वैयक्तिककडून कामाकडे ही वाट मुळात उघडी असते, उलटी बंद असते. ते शेअर करून चॅटमधून आणि गॅलरीतूनही डिलीट करायचं. खरा उपाय मात्र गिऱ्हाइकाला एक अपलोड लिंक देणं हाच आहे. शेअरपॉइंटमध्ये फाइल रिक्वेस्ट करता येते.

---

रंकाळा_नेटवर्क

माणूस सोडून जातो तेव्हाचा क्रमही लिहून ठेवतो, ऑडिटला तोच कागद मागतात. आधी एन्ट्रामध्ये साइन-इन ब्लॉक, लगेच "रिव्होक सेशन्स" (चालू लॉगिन तोडणं), मग वैयक्तिक अँड्रॉइडला "रिटायर" (फक्त कामाचा कप्पा काढणं), आयफोनला अ‍ॅपचा सिलेक्टिव्ह वाइप (फक्त कंपनीचा डेटा पुसणं), कंपनीच्या नावावरच्या फोनला पूर्ण वाइप. लायसन्स सगळ्यात शेवटी काढा. कमांड पाठवली म्हणजे काम झालं असं नाही, फोन बंद किंवा नेटशिवाय असेल तर ती थांबून राहते, आणि सिलेक्टिव्ह वाइप तर ते अ‍ॅप उघडल्यावरच होतो. म्हणून अ‍ॅप प्रोटेक्शनमध्ये "इतका वेळ ऑफलाइन राहिलं तर डेटा पुसा" ही अट असते. मुळात ९० दिवस असतात, ड्रॉइंगसाठी ३० पुरेत. शेवटच्या दिवशी फोन समोर ठेवून प्रोफाइल गेल्याचं बघा आणि मगच नो ड्यूजवर सही करा.

स्टाफला मराठीत एक पान द्या, दोन रकाने करून. कंपनीला दिसतं ते: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, पॅचची तारीख, कामाच्या कप्प्यातली अ‍ॅप्स. दिसत नाही ते: फोटो, एसएमएस, कॉल, वैयक्तिक अ‍ॅप्स, ब्राउझरचा इतिहास. अँड्रॉइड १२ पासून वैयक्तिक फोनचा आयएमईआयसुद्धा वर्क प्रोफाइलला मिळत नाही. एका जणाचा फोन कन्सोलवर उघडून सगळ्यांना मोठ्या स्क्रीनवर दाखवा, त्याची परवानगी घेऊन.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी आणि कंपनीची गुपितं जपण्यासाठी डेटा वापरायला जागा ठेवलीय, पण कामापुरतीच. म्हणून लोकेशनसारखं गरजेपलीकडचं काही चालू करू नका. आणि ज्याला स्वतःच्या फोनवर प्रोफाइल नकोच असेल त्याला सक्ती न करता कंपनीचा फोन द्या, किंवा मेल फक्त ऑफिसच्या पीसीवर. स्वस्तातल्या काही गो एडिशन फोनवर वर्क प्रोफाइल होतच नाही, त्या लोकांसाठीही हाच पर्याय लागेल, तेवढे दोन-तीन फोन बजेटमध्ये आत्ताच धरा.