काच खाली गेली ती वर येईना: पॉवर विंडोचे अनुभव सांगा

मुठेकाठचा (धागाकर्ता)

जुलै महिना, ताम्हिणी घाट, वरून धो धो. कणीसवालीला पैसे द्यायला काच खाली केली ती वर येईचना. बटण ओढतोय, दाबतोय, सगळं ढिम्म. आवाजसुद्धा नाही. बायकोने मागच्या सीटवरची सतरंजी माझ्या खांद्यावर टाकली आणि पौडपर्यंत मी उजव्या बाजूने अंघोळ करत गाडी चालवली.

पुण्यात एका गॅरेजवाल्याने दाराला हातही न लावता निदान केलं, "मोटर गेली." साडेतीन हजार मोजले. काच चालू. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी दुसऱ्याकडे गेलो. त्याने दारावरची बटणांची पाटी (मास्टर स्विच) उचकटून उघडली आणि मलाच दाखवली. आतल्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या आणि त्यावर तपकिरी चिकट थर. वास घेतला तर चहा. चहा माझाच, प्रश्नच नाही. वर पावसात काच किंचित उघडी ठेवायची सवय, त्यामुळे थेंब नेमके त्या पाटीवर. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केलं, दोन वर्षं झाली, व्यवस्थित चालतंय. पहिल्यांदा मोटर बदलताना पाटीची काढघाल झाली असणार, तेवढ्याने काही दिवस संपर्क जुळला. जुनी मोटर माळ्यावर आहे. बॅटरीला लावली की झकास फिरते. हाच खरा राग.

म्हणून हा धागा. लक्षण काय होतं, आधी संशय कुणावर गेला आणि शेवटी निघालं काय, एवढं सांगा. गाड्यांच्या कंपन्यांची नावं नकोत, मग त्यावरच दोनशे प्रतिसाद होतात.

आजीचा ड्रायव्हर

आमच्या मागच्या दोन्ही काचा एकदम बंद पडल्या. सर्व्हिसिंगची वेळ घेतली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तिथल्या पोराने खिडकीतून आत वाकून ड्रायव्हरच्या दारावरचं एक बटण दाबलं, झालं. मुलांनी काचा उघडू नयेत म्हणून जे कुलपाचं बटण असतं, ते नातवाने दाबून ठेवलं होतं. पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. ते जास्त लागलं.

वायरिंगवाला, कोल्हापूर

मी याच धंद्यातला. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न, एक काच की सगळ्या? सगळ्या एकदम गेल्या असतील तर चार मोटरी एका दिवशी मरत नाहीत हो. फ्यूज बघा, रिले (करंट जोडणारी-तोडणारी डबी) बघा, नाहीतर ड्रायव्हरच्या दारात जाणारी तार. एकच गेली असेल तर किल्ली फिरवून, रेडिओ-एसी बंद करून, बटण दाबून कान द्यायचा. मोटर घुंई करून फिरते पण काच हलत नाही, तर काचेची मशीन गेली, म्हणजे दोरी तुटली नाहीतर काच धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा. आवाज टक् एवढाच आला आणि त्याच वेळी छतातला दिवा जरासा मंदावला, तर करंट पोचतोय, मोटर नाहीतर काच कुठंतरी अडकलीय. दिवा मंदावत नाही, आवाजही नाही, मग करंट जातच नाही. त्यातही बटण दाबून धरायचं आणि दाराच्या आतल्या बाजूला मोटर असते तिथं मुठीनं दणका द्यायचा. दणक्यानं चालू झाली तर मोटरीतले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत. दोन-चार दिवस काढेल, पण मोटर बदलायची तयारी ठेवा.

बाकीच्या दारांना दोन बटणं असतात, एक दारावर आणि एक ड्रायव्हरपाशी. दोन्हीकडून दाबून बघायचं. एकीकडून जरी चालली तरी मोटर ठणठणीत. मात्र बऱ्याच गाड्यांत त्या दाराचा करंट ड्रायव्हरच्या पाटीतून फिरून येतो. म्हणजे दुखणं मागच्या डाव्या दाराचं दिसतं आणि कीड असते पुढच्या उजव्या पाटीत. माझी स्वतःची पण यात फसगत झालीय, उगाच शहाणपणा सांगत नाही.

आता खरा किस्सा. एका मास्तरांची गाडी. घरी बंद, माझ्या दुकानात चालू. तीनदा आले, तीनदा चालली. मास्तर रडकुंडीला आले. चौथ्या वेळी माझ्या ध्यानात आलं की मास्तर मला दाखवताना दार उघडून उभं राहतात आणि मग बटण दाबतात. म्हटलं, दार लावून दाबा. बंद! दार आणि गाडीच्या खांबाच्या (दार ज्याला टांगलेलं असतं तो) मधे घड्या-घड्यांची रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या तारा दारात जातात. रोज दार उघडमीट होऊन तार आतल्या आत तुटते, वरचं प्लॅस्टिक शाबूत. दार उघडं असलं की टोकं एकमेकांना टेकतात. तुम्ही घरी असं करा, बटण दाबून धरा आणि दार हळूहळू उघडा-मिटा. मधेच कुठं काच हलली की रोग सापडला.

यात मीटर फसवतो. तारेचे दोन धागे जरी शिल्लक असले तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. तो मिणमिणला की समजायचं तार मेलीय. जोड द्यायचा तो डाग देऊन (सोल्डर करून), तारेचा नवा तुकडा घालून, आणि जोड घडीच्या जागी ठेवायचा नाही. नुसतं पिळून टेप मारली तर पुढच्या दिवाळीला परत या.

मुठेकाठचा

दार उघडमीट करायची युक्ती आधी माहीत असती तर! बटणाच्या पाटीबद्दलचं तर माझंच दुखणं.

चंद्रपुरी ऊन

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो आणि हवेत कोळशाची भुकटी बारा महिने. काच अर्ध्यावर येऊन थांबायची. दहा मिनिटांनी आपोआप वर जायची. मला वाटलं बटण खराब. प्रत्यक्षात मोटर तापली की स्वतःला वाचवण्यासाठी थोडा वेळ बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालू. मग ती तापते का? तर काच ज्या रबरी खाचेतून सरकते ते रबर उन्हाने कडक झालेलं आणि त्यात भुकटी भरलेली.

इथे मी माझी अक्कल चालवली आणि खाचेत ग्रीस भरलं. दोन दिवस काच लोण्यासारखी चालली. मग ग्रीस आणि भुकटीचं मस्त काळं काजळ तयार झालं, काचेवर रेघोट्या, सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टावरही. प्लॅस्टिकच्या फुटपट्टीला ओलं फडकं गुंडाळून सगळं खरवडून काढलं आणि सिलिकॉन स्प्रे मारला. आता दर उन्हाळ्याआधी तेवढंच करतो. मोजायची सोपी पद्धत म्हणजे काच वर जाताना मनात आकडे मोजा आणि शेजारच्या दाराशी तुलना करा. माझी नऊला पोचायची, साफ केल्यावर पाचला पोचायला लागली.

मालवणी खाजा

रात्री साडेदहा, कणकवलीच्या अलीकडे. कडकड असा आवाज, मग दारात काहीतरी सुतळीचा गुंडा फिरावा तशी खरखर, आणि काच धप्पकन दारात. वायरिंगवाले म्हणतात तेच, दोरी तुटली. खाऱ्या हवेत ती स्टीलची दोरी गंजते आणि एकेक धागा तुटत जातो. आधी महिनाभर काच तिरकी वर जात होती, ती खूण मी ओळखली नाही.

रात्रीपुरता उपाय सांगून ठेवतो. एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने दोन्ही तळव्यांत काच आतून-बाहेरून धरून वर ओढायची. आमची पार आत गेलेली, त्यामुळे दाराचं पॅड काढावंच लागलं. हँडलच्या टोपीखालचा स्क्रू सापडायला पाऊण तास, मोबाइलचा दिवा मेव्हण्याच्या तोंडात. काच वर आणून खाली लाकडाची पाचर मारली आणि वरून चौकटीवर पॅकिंगची टेप. पॅड काढलेलं असताना बटण दाबू नका, मशीनचे दात बोट ओळखत नाहीत. आणि काम झाल्यावर मेकॅनिकने पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवला का, तेवढं बघा. आमच्याने तो गुंडाळून डिकीत ठेवला. पहिल्या पावसात पायाखाली तळं. पाणी कुठून येतं ते शोधण्यात अख्खा श्रावण गेला.

थंडगार मिनेसोटा

इथे उलटाच प्रकार. उणे २५ मध्ये काच खालच्या रबराला बर्फाने चिकटते. कॉफीच्या खिडकीशी गेलो, सवयीने बटण दाबलं, कट्ट. मोटर शाबूत, काच जागच्या जागी, मधला प्लॅस्टिकचा तुकडा दोन भाग. तेव्हापासून आधी गाडी गरम होऊ देतो आणि तोवर दार उघडून ऑर्डर घेतो. आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, घरून चहा पिऊन निघत जा.

शंकेखोर

बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरची काच एका झटक्यात पूर्ण वर जात नाही. धरून ठेवलं तर जाते. मोटर का?

वायरिंगवाला, कोल्हापूर

मोटर नाही. काच कुठं संपते ते ती विसरलीय. पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद ओढून धरा. बहुतेक गाड्यांत तेवढ्यानं आठवतं. नाहीच जमलं तर गाडीच्या पुस्तकात पद्धत दिलेली असते.

ठाणे लोकल

विषय थोडा वेगळा, पण राहवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. काही माणसं बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेली, काचा आणि कुलपं उघडलीच नाहीत. मी त्या दिवशी शीवजवळ गाडी सोडून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघालो. काच त्या वेळी उघडत होती म्हणून आधीच पूर्ण खाली केली होती, एवढीच अक्कल सुचली. आज हातोडी ड्रायव्हरच्या दाराच्या खणात असते, डिकीत नाही. ती बाजूच्या काचेवर, कोपऱ्यात मारायची. पुढची काच दोन थरांची असते, ती तडकते पण पडत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही तशाच येतात, आपली कोणती ते कोपऱ्यातल्या शिक्क्यावर वाचून ठेवा.

नवा गडी

सगळं वाचून गाडीत जाऊन बसलो. माझ्या चारही बंद आहेत. कुलपाचं बटण तपासलं (आजीच्या ड्रायव्हरना नमस्कार). ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज काढून पाहिला, शाबूत.

वायरिंगवाला, कोल्हापूर

ड्रायव्हरच्या दारावरचं सेंट्रल लॉकचं बटण चालतं का? बाहेरचा आरसा बटणानं हलतो का?

नवा गडी

थांबा, बघतो.

दोन्ही नाही. आणि आरशाचं बटण दाबून दार उघडलं तर मधेच आरसा हलला!

वायरिंगवाला, कोल्हापूर

रबरी नळी. बॅटरीची तार काढा, नळी खांबाकडच्या बाजूनं सोडवा आणि फोटो टाका. काळी तार, म्हणजे अर्थची, आधी बघा.

नवा गडी

आत्ता पाऊस आहे, उद्या सकाळी उघडतो. गाडी शेजारच्या काकांच्या पत्र्याखाली लावलीय.